एका बाटलीचे तीन वाटे

चुलतभावाचा हात मी मोडला तेव्हा त्याच्या अंगणातलं कुत्र्याचं पिल्लू माझे गमबूट चाटत होतं. ते मला दिसलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण दिसलं होतं. फावड्याचा दांडा दुसऱ्यांदा उचलताना ते पायात आलं, म्हणून मी त्याला बुटानेच बाजूला सारलं होतं. पण हे सगळं त्या दिवशी सुरू झालं नाही. ते सुरू झालं एका इंजेक्शनपासून, आणि ते इंजेक्शन मीच दिलेलं होतं. तिथूनच सांगतो.

आमचं रान गंगापूर रोडच्या पार टोकाला. बंगल्यांची रांग संपते आणि आमचा झेंडू सुरू होतो. बांधापलीकडे चुलतभावाची द्राक्षं. आजोबांची जमीन दोघांच्या वडिलांत सारखी वाटली गेली, पण आजोबांचा राग मात्र अख्खा माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. बायको म्हणते, नाकावर असता तर बरं होतं, तुमचा हातात असतो. खरंच आहे ते. मी फवारणीचा पंप लाथेने फोडलाय, जेवणाचं ताट भिंतीवर मारलंय, पाण्याच्या पाळीवरून माणसांच्या अंगावर धावून गेलोय. त्यात भूषण काही नाही. पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

आषाढात आमच्या कुत्रीला पंपाच्या खोलीत पिल्लं झाली. त्यातली तीन जगली. एक तांबडं, एक काळं-पांढरं बांडं आणि एक पांढऱ्या पायांचं. माणसांशी वाकडा असलेला मी कुत्र्यांपुढे मऊ पडतो. सकाळी फुलं तोडायला जायच्या आधी मी त्या तिघांना दूध-भाकरी कुस्करून घालायचो, आणि मजूर बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

पिल्लं दोन महिन्यांची झाली तेव्हा मी शहरातून लस आणली. कुत्र्याला लस देणारा आमच्या शिवारात मी पहिलाच, याचा मला कोण तोरा. दुकानदाराने बाटल्यांची जोडी बर्फात घालून दिली. एकीत पावडर, दुसरीत ती विरघळवायचं पाणी. गाईंना इंजेक्शन मी स्वतःच देतो, त्यामुळे डॉक्टरकडे जायचा प्रश्नच नव्हता. आता इथे माझी अक्कल बघा. रोपं कोवळी असली की औषध कमी मात्रेने मारायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूर्ण मात्रा दिली तर पानं करपतात. मग ओंजळीत मावणाऱ्या पिल्लाला मोठ्या कुत्र्याएवढं औषध कसं द्यायचं? मी सिरिंजवरच्या रेघा बघून बाटलीचे तीन सारखे वाटे केले आणि तीन मानांत टोचले.

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरला तरी इचारा."

"वीस वर्षं मात्राच मोजतोय मी," मी म्हणालो. सिरिंज मोडून टाकली आणि हात धुतले.

त्याच सुमाराला आमच्या कुत्रीने चुलतभावाच्या दोन कोंबड्या मारल्या. तो बांधावर आला, पिसांचा पुंजका माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "दादा, बांधून ठेव तिला. नाय तर एक दिवस मी काय तरी घालीन तिला, मग बोलू नको." चिडलेला माणूस बोलतोच असं. मी स्वतः रोज याहून वाईट बोलतो आणि विसरतो. त्याचं बोलणं मात्र मी जपून ठेवलं.

दोन-तीन आठवडे गेले असतील. एका गुरुवारी तांबड्याने सकाळचं दूध ओकून टाकलं. दुपारी पिवळा फेस काढला. संध्याकाळी त्याला मागून रक्त सुटलं. ती हगवण नव्हती. काळपट लाल पाणी पिचकारीसारखं भिंतीवर उडत होतं, आणि त्याची घाण अशी, की सडलेलं जनावर ओढून टाकलेला माणूस मी, मलाही नाक दाबावं लागलं. पिल्लू उभं राहायला बघायचं, मागचे पाय त्याच रक्तात घसरायचे, आणि ते पुन्हा पोटावर आपटायचं. मी त्याला ताक पाजलं, हळद पाजली. सगळं बाहेर आलं, सोबत आतड्याचे तुकडे वाटावेत असे लाल धागे. शुक्रवारी सकाळी ते ताठ झालं होतं. मी त्याला झेंडूच्या सरीत पुरलं.

शनिवारी संध्याकाळी बांडं पडलं. ते आणखी झपाट्याने गेलं. रविवारी सकाळी ते माझ्या मांडीवर होतं. त्याला झटके येत होते, आणि एका झटक्यात त्याने माझ्या अंगठ्यात दात रुतवले ते सोडलेच नाहीत. मेल्यावर मला त्याचा जबडा दुसऱ्या हाताने उघडावा लागला. माझी पँट, माझे गमबूट, गुडघ्यापर्यंत सगळं त्याच्या रक्ताने आणि घाणीने माखलं होतं. कपडे-बूट न बदलता मी तसाच उठलो.

माझ्या डोक्यात हिशेब अगदी सरळ होता. लस तर दिलेली आहे. म्हणजे रोग असू शकत नाही. रोग नाही, तर मग विष. आणि विषाला आमच्याकडे काय तोटा, प्रत्येकाच्या पंपाच्या खोलीत दाणेदार औषधाचा डबा असतोच. कणकेच्या गोळ्यात चिमूटभर घातलं की काम झालं. घालीन म्हणून सांगून गेलेला माणूस तर बांधाच्या पलीकडेच राहत होता.

मी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं, दगडावर आपटून दांडा सुटा केला आणि बांध ओलांडला.

चुलतभाऊ अंगणात बसून छाटणीच्या कात्र्यांना धार लावत होता. दोन दिवसांनी त्याची छाटणी सुरू व्हायची होती, पेठकडची मजुरांची टोळी येऊन राहिली होती. त्या टोळीतल्याच कुणीतरी गावाकडून येताना त्याच्या लेकीसाठी एक पिल्लू आणलं होतं. गुबगुबीत, तीन महिन्यांचं असेल. मला बघून तेच आधी शेपूट हलवत आलं. भाऊ म्हणाला, "ये दादा." पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण पहिला दांडा मी त्याच्या पाठीत घातला होता.

तो तोंडावर पडला. मी त्याला लाथ मारली, कुशीत, आणि परत मारली. तो ओरडत होता, "दादा, मी नाय. आईची शपथ, मी काय नाय केलं." मी काही विचारलंच नव्हतं, तरी हा आधीच नाही कसं म्हणतो, म्हणून मला आणखीच चेव आला. त्याच्या ओठातून रक्त यायला लागलं. त्याची बायको घरातून धावत आली, तिने मागून माझी कॉलर धरली, मी तिला झटकलं आणि ती तुळशीच्या कट्ट्यावर आदळली. मग मी दांडा उचलला तो डोक्यावर घालायला. खोटं कशाला सांगू, डोक्यावरच घालायला. त्याने उजवा हात आडवा धरला आणि मनगट मोडलं. वाळलेली काडी मोडल्यासारखा आवाज झाला. हात भलत्याच जागी वाकून लोंबायला लागला तेव्हा टोळीतल्या माणसांनी मला धरून मागे ओढलं. खाली बघितलं तर ते पिल्लू पुन्हा माझ्या बुटांशी आलं होतं आणि बुटांवरचं रक्त चाटत होतं.

घरी येऊन मी आंघोळ केली आणि पोटभर जेवलो. त्या दिवशी मला मोकळं वाटलं होतं, आणि ते लिहायची आता लाज वाटते.

सोमवारी सकाळी पांढऱ्या पायांच्या पिल्लाने ओकारी काढली.

बायकोने ते उचलून पदरात घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आता कुणी घातलं इष?" ती म्हणाली. "तो तर कालपास्नं दवाखान्यात हाय." आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. एवढ्या शांतपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी मोटारसायकल काढली.

गंगापूर रोडवरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पिल्लाच्या मागून काडी फिरवली, एका पट्टीवर दोन थेंब टाकले, आणि थोड्या वेळाने पट्टीवरच्या दोन रेघा मला दाखवल्या. "पार्व्हो आहे. आतड्याचा विषाणू," त्या म्हणाल्या.

"मॅडम, लस दिलीय," मी म्हणालो. अजून माझा आवाज चढाच होता.

कधी दिली, कुणी दिली, किती दिली, सगळं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. बाटलीचे तीन वाटे ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, ही फवारणी नाही. पिल्लू उंदराएवढं असो की वासराएवढं, एकाला एक पूर्ण बाटली. तिसऱ्या हिश्श्याने शरीराला काही कळतच नाही. आणि एकदा देऊनही भागत नाही. पिल्लाच्या अंगात आईच्या चिकातून आलेली ताकद असते, ती पहिल्या लशीला लागू पडू देत नाही. ती ताकद कधी ओसरेल ते सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करायचं आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायचं."

बोलता बोलता त्या पिल्लाच्या पुढच्या पायातली शीर शोधत होत्या. सलाइन लागलं. या रोगावर थेट औषध नाही, त्या म्हणाल्या, आतडी सोलली जातात, शरीरातलं पाणी आणि रक्त जातं. आपण फक्त पाणी भरत राहायचं, उलटी थांबवायची आणि पिल्लाला लढायला वेळ द्यायचा. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली.

"हेच बूट घालून तुम्ही मेलेल्या पिल्लांजवळ होता?"

"हो."

"धुतलेत?"

"फिनेलने."

"फिनेलने हा मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मातीत तर हा वर्षभरही टिकतो. बुटांना, हातांना, ताटलीला लागून दुसऱ्याच्या दारात जातो. माणसाला काही होत नाही, म्हणून तर माणूसच त्याला बिनधास्त घेऊन हिंडतो." त्या थांबल्या. "शेजारी कुणाकडे पिल्लू आहे?"

"एक हाय."

"त्यांना आजच सांगा. वेगळं बांधायचं, मला आणून दाखवायचं, आणि पहिली उलटी झाली की लगेच इथे. पहिल्याच दिवशी सलाइन लागलं तर बरीच पिल्लं उठतात. उशीर झाला तर माझ्याही हातात काही राहत नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरही मीच होतो आणि फाशी द्यायलाही मीच दांडा घेऊन गेलो होतो. वर त्याच्या दारात रोग टाकून आलो होतो. गाडी चालवताना आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचाच राग आला नव्हता.

घरी आल्यावर मी सरळ बांधाकडे गेलो. बांधावर उभा राहिलो. त्याच्या घराचं दार बंद दिसलं, तेवढ्यावर परत फिरलो. संध्याकाळी बायकोने बातमी आणली. भावाच्या हाताला प्लॅस्टर घातलं होतं, आणि कसं मोडलं म्हणून दवाखान्यात विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, द्राक्षाच्या मांडवावरून पडलो. पोलिसांत माझं नाव गेलं असतं तर मी तडक त्याच्या दारात गेलो असतो, भांडायला का होईना. त्याने मला वाचवलं, म्हणूनच मला त्याच्या दारात जाता आलं नाही.

मंगळवारी मी पंपाची खोली ब्लीचने धुतली. पोती जाळली, ताटल्या उकळल्या, गमबूट बादलीत बुडवून ठेवले. आपलं घर मी अगदी चोख धुतलं. बुधवारी त्याचं पिल्लू बांधाजवळ फुलपाखरामागे उड्या मारताना दिसलं. बरं दिसतंय की, मी मनाशी म्हणालो. गुरुवारी दसऱ्याच्या फुलांची गाडी भरायची होती. गाडीला दोर बांधताना बायकोने विचारलं, "त्याला सांगितलं का, पिल्लाचं?"

"हो," मी म्हणालो. तिने विश्वास ठेवला, कारण मी मारतो, खोटं बोलत नाही, असा तिचा तेवीस वर्षांचा अनुभव होता.

शुक्रवारी सकाळी तो आला. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात कोयता. तोंड अजून सुजलेलं होतं.

"कालपास्नं रक्त हगतंय ते," तो म्हणाला. "मला वाटलं अपचन झालं, दही-भात घातला. लेक रडून रडून अर्धी झाली. काय घातलंस त्याला? माझ्यावरचा राग त्या मुक्या जीवावर काढला का तू?"

मी काही बोलायच्या आत त्याने कोयता चालवला. डाव्या हाताचा वार, नीट बसला नाही, पण खांदा चिरला आणि शर्ट भिजायला लागला. त्याने परत हात उचलला. मी त्याच्यापेक्षा अंगाने दुप्पट आहे, त्याचा एक हात निकामी. मी हात खाली सोडले आणि म्हणालो, "इष नाय रे. रोग हाय. माझी पिल्लं त्यानंच मेली. माझ्या बुटाला लागून मीच तुझ्या दारात आणला, त्या रविवारी."

कोयता वर राहिला. तो माझ्याकडे बघत होता, आणि खांद्यातलं रक्त माझ्या कोपरावरून खाली गळत होतं. मग त्याने कोयता झेंडूत फेकला. "मग डॉक्टरकडं चल ना," तो म्हणाला. "उभा काय राहिला?"

मी गाडी चालवली. तो मागे बसला, पिल्लू आमच्या दोघांच्या मधे, त्याच्या लेकीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेलं. दर खड्ड्याला ते कण्हायचं आणि माझ्या पाठीला ओल लागायची. रस्त्यात तो एकदाच बोलला. "तुला तरी कुठं ठाऊक होतं," तो म्हणाला, आणि त्याच्या प्लॅस्टरचा हात माझ्या पाठीला टेकला. मी गाडी आणखी जोरात दामटली. तेवढ्यात सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

दवाखान्यात आमचं पांढऱ्या पायांचं पिंजऱ्यात उभं होतं. चार दिवसांत हाडं वर आली होती, पण मला बघून त्याने जाळीला नाक लावलं. त्याला त्याच दिवशी घरी सोडणार होते. त्याच्या शेजारच्या टेबलावर भावाचं पिल्लू ठेवलं. डॉक्टरबाईंनी एका पायात सुई घातली, शीर मिळेना. दुसऱ्या पायात घातली. मानेत घातली. पिल्लाचे डोळे उघडे होते आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. त्याने मान ताणली, तोंडातून गुळणीभर रक्त टेबलावर आलं, ते भावाच्या प्लॅस्टरवर उडालं, आणि पिल्लू संपलं. भाऊ त्याच्या डोक्यावरून हात फिरवतच राहिला. डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं तेव्हा त्याला कळलं.

बाई थकल्या होत्या, थोड्या चिडल्याही होत्या. हातमोजे काढता काढता त्या त्याला म्हणाल्या, "कालच का नाही आणलंत? पहिल्या उलटीला आणा म्हणून मी सोमवारीच निरोप दिला होता यांच्याकडे."

"कुणाकडं?" भावाने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं, आणि कापूस आणायला म्हणून आत गेल्या.

मी खांद्यावरची जखम दाबून उभा होतो. तो मला मारील म्हणून मी वाट बघत होतो. टेबलावर कात्री होती, सलाइनचा लोखंडी स्टँड होता. त्याने कशालाही हात लावला नाही.

"दादा," तो म्हणाला, "हात मोडलास तेव्हा तू रागात होतास. तेवढं मी समजून घेतलं. पण सोमवारपास्नं तर तुला राग नव्हता."

त्याने पिल्लू फ्रॉकमध्ये नीट गुंडाळलं, डाव्या कुशीत घेतलं आणि बाहेर पडला. रस्त्यावर रिक्षाला हात करायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता. मी पुढे झालो तशी त्याने मानेनेच नको म्हटलं, आणि तो कडेकडेने पायी चालायला लागला.